पाण्याच्या टाकीवरचे नाव

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात ओकीमा नावाचे एक लहान गाव आहे. वस्ती जेमतेम तीन हजार. गावात शिरताना पाण्याच्या तीन जुन्या उंच टाक्या दिसतात. एका टाकीवर 'गरम' आणि दुसरीवर 'थंड' असे रंगवले आहे. ही गावकऱ्यांची थट्टा. तिसऱ्या टाकीवर मात्र हे वुडी गथ्रीचे गाव असल्याचे लिहिले आहे. ती अक्षरे १९७२ साली रंगवली. तेव्हा वुडीला जाऊन पाच वर्षे झाली होती आणि गावातल्या अनेकांना त्याचे नाव नकोच होते.

हा वुडी गथ्री कोण? आपल्या भाषेत सांगायचे तर लोकशाहीर. हातात गिटार, तोंडाशी माउथ ऑर्गन आणि खिशात कागद. खेड्यापाड्यातल्या गोऱ्या गरिबांच्या जुन्या चाली घ्यायच्या आणि त्यावर आजच्या माणसाचे दुःख बांधायचे, ही त्याची रीत. आपल्याकडच्या गायन पार्ट्या सिनेमाच्या चालीवर गाणी रचतात, तसेच. सुमारे ३,००० गाणी त्याने लिहिली. अमेरिकेत ज्याला 'फोक' आणि 'कंट्री' संगीत म्हणतात, त्यात कष्टकऱ्यांची बाजू घेणाऱ्यांमध्ये त्याचे नाव अगदी पुढे आहे.

पण वाचकहो, वुडीची गोष्ट सांगण्यासारखी आहे ती एवढ्यामुळेच नाही. वर्णाच्या गर्वाने भरलेल्या घरात जन्मलेला माणूस तो गर्व कसा टाकून देतो, हे त्याच्या आयुष्यात दिसते. म्हणूनच मुलाकडे टल्सा शहरात काही दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा ओकीमाला जायचेच असे मी ठरवले.

नाव बदललेला रस्ता

टल्सा हे तेलाच्या पैशावर वाढलेले शहर. तेथे २०१३ साली वुडी गथ्री केंद्र उघडले. एका जुन्या कागद कंपनीच्या इमारतीत त्याच्या वह्या, पत्रे, चित्रे आणि वाद्ये जपून ठेवली आहेत. त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा हस्ताक्षरातला कागदही येथे आहे.

केंद्र ज्या रस्त्यावर आहे, त्याचे नाव पूर्वी ब्रेडी स्ट्रीट होते. टेट ब्रेडी हा शहराच्या संस्थापकांपैकी एक, आणि कू क्लक्स क्लॅनचा सदस्य. क्लॅन म्हणजे पांढरे बुरखे घालून काळ्या लोकांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची टोळी. लोकांनी आवाज उठवला आणि २०१८ साली या रस्त्याचे नाव बदलून 'सलोख्याचा मार्ग' अशा अर्थाचे नाव देण्यात आले.

थोडे चालून गेले की ग्रीनवूड ही वस्ती लागते. काळ्या लोकांनी स्वतःच्या कष्टाने उभारलेली दुकाने, दवाखाने, थिएटरे, वर्तमानपत्रे येथे होती. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ही वस्ती जाळून टाकली. हजाराच्या वर घरे खाक झाली. तीनशेपर्यंत माणसे मारली गेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. शाळेच्या पुस्तकांनी कित्येक दशके याचा उल्लेखही केला नाही. त्या वेळी वुडी आठ वर्षांचा होता आणि येथून शंभर किलोमीटरवर राहत होता. तो ज्या हवेत वाढला, ती हवा ही अशी होती.

ओकीमा

टल्साहून दक्षिणेला मोटारीने निघालो. वाटेत ओकमल्गी लागते. ही मस्कोगी आदिवासींची राजधानी. हा सारा मुलूख त्यांना देण्यात आला होता. १८३० च्या दशकात त्यांना त्यांच्या मूळ भूमीतून हाकलून येथे आणले आणि ही जमीन कायमची तुमची, असे वचन दिले. नंतर त्या वचनावर पाणी सोडून गोऱ्या वसाहतवाल्यांना वाट मोकळी केली. ९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मस्कोगींचे राखीव क्षेत्र कायद्याने कधी संपलेलेच नाही. ओकीमाही त्याच क्षेत्रात येते.

ओकीमा १९०२ साली वसले. मुख्य रस्ता रुंद आहे, दोन्ही बाजूंना विटांच्या जुन्या इमारती. रस्त्यालगत छोट्या बागेत वुडीचा गिटार घेतलेला पुतळा आहे. लहानपणी तो ज्या क्रिस्टल थिएटरात सिनेमे पाही, ते थिएटर अजून उभे आहे. त्याचे घर मात्र उरले नाही. १९७० च्या दशकात एकाने ते विकत घेऊन स्मारक करायचे ठरवले, पण गावाने साथ दिली नाही. शेवटी ते पाडले गेले.

वुडीचा जन्म १४ जुलै १९१२ चा. वडील चार्ली गथ्री जमिनींची खरेदी-विक्री करत आणि स्थानिक राजकारणात होते. घर खाऊन-पिऊन सुखी होते, पण सुख टिकले नाही. १९१९ साली मोठी बहीण क्लारा भाजून मेली. धंदा बसला. आईच्या वागण्यात विचित्र फरक पडू लागला. हातपाय आपोआप हलत, मध्येच भडका उडे. लोक वेडी म्हणू लागले. १९२७ साली वडील भाजले आणि आईला नॉर्मन गावच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकले. १९३० साली ती तेथेच मेली. पंधरा वर्षांचा वुडी मित्रांच्या घरी जेवून, मिळेल ते काम करून दिवस काढू लागला.

याच दिवसांत त्याला गाण्याची गोडी लागली. गावात बूटपॉलिश करणारा एक काळा मुलगा माउथ ऑर्गन वाजवत असे. आगगाडीचा आवाज तो वाद्यातून हुबेहूब काढी. वुडी त्याच्याजवळ बसून ऐके आणि शिके. म्हणजे ज्या कलेने पुढे त्याला जगात नाव दिले, तिचा पहिला धडा त्याला बूटपॉलिशच्या पेटीजवळ मिळाला.

नदीवरचा पूल

ओकीमाच्या पश्चिमेला काही मैलांवर नॉर्थ कॅनेडियन नदी वाहते. गढूळ पाणी, काठाला झाडी. २५ मे १९११ च्या पहाटे या नदीच्या पुलावर गोऱ्या जमावाने लॉरा नेल्सन ही काळी स्त्री आणि तिचा सुमारे चौदा वर्षांचा मुलगा यांना फासावर लटकवले. चोरीच्या तपासासाठी घरी आलेला पोलीस अधिकारी गोळी लागून मेला होता. खटला चालायच्या आतच जमावाने दोघांना कोठडीतून ओढून नेले. त्याच दिवशी गावच्या छायाचित्रकाराने फोटो काढले. पुलावर बायकामुलांसह गर्दी उभी आहे आणि खाली दोन प्रेते लोंबकळत आहेत. त्या फोटोंची पोस्टकार्डे छापून विकली गेली. शिक्षा कोणालाही झाली नाही.

या घटनेनंतर चौदा महिन्यांनी वुडी जन्मला. त्या रात्रीच्या जमावात चार्ली गथ्री होता, असे खुद्द चार्लीच्या भावाने म्हातारपणी सांगून ठेवले आहे. वडील पुढे क्लॅनमध्येही होते, असे वुडी स्वतः सांगे. लहानपणी ते पोस्टकार्ड त्याने पाहिले होते. मोठा झाल्यावर त्याने लॉरा नेल्सनवर गाणी लिहिली. एका गाण्यात तर त्या आईचीच हाक आहे. वडिलांचे पाप झाकून ठेवणारी मुले पुष्कळ असतात. ते गाण्यात मांडणारा मुलगा विरळाच.

नदीपासून फार दूर नाही असे बोली हे गाव आहे. १९०३ साली वसलेले हे गाव संपूर्ण काळ्या लोकांचे. स्वतःच्या बँका, शाळा, कापसाच्या जिन, स्वतःचे नगराध्यक्ष. १९०५ साली थोर शिक्षणप्रसारक बुकर टी. वॉशिंग्टन येथे येऊन गेले आणि त्यांनी या गावाची मोठी स्तुती केली. १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झाले. नव्या विधिमंडळाने पहिला कायदा कोणता केला? तर गोऱ्यांचे आणि काळ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे करण्याचा. १९१० साली युक्तीने काळ्यांचा मताचा हक्कही काढून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली तो कायदा रद्द केला. बोलीचे वैभव आता ओसरले आहे, पण गाव आहे.

धुळीचा प्रदेश आणि एक पत्र

पुढची वाट मी पायांनी चाललो नाही. टल्साच्या केंद्रातील नकाशे आणि वह्या यांच्या आधाराने ती सांगतो.

१९२९ च्या सुमारास वुडी वडिलांकडे टेक्सासमधील पॅम्पा गावी गेला. तेथे दुकानात काम केले, पाट्या रंगवल्या, गिटार शिकला, वाचनालयातली पुस्तके भराभर वाचली. १९३३ साली लग्न केले. त्या काळात या मैदानी प्रदेशात मोठे संकट आले. गव्हासाठी हजारो मैल गवताळ जमीन नांगरून टाकलेली. वर्षानुवर्षे दुष्काळ. धरून ठेवायला मुळेच नव्हती, म्हणून माती वाऱ्यावर उडू लागली. १४ एप्रिल १९३५, रविवार. दुपारी धुळीचा काळा डोंगर पॅम्पावर आला आणि घरात हातभर अंतरावरचे माणूस दिसेना. जगबुडी आली असे समजून लोकांनी एकमेकांचा निरोप घेतला. वुडीने त्या निरोपावर गाणे रचले.

शेती गेली, कर्ज राहिले. लाखो लोक मोडक्या गाड्यांवर गाद्या-भांडी बांधून कॅलिफोर्नियाकडे निघाले. फळबागांत काम मिळेल ही आशा. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर जाऊन खिशात पैसे नसलेल्यांना परत पाठवायला सुरुवात केली. ओक्लाहोमाच्या लोकांना 'ओकी' म्हणून हिणवले जाई. गोरे असूनही ते आता अस्पृश्यासारखे झाले होते. वुडीही बायको-मुले मागे ठेवून याच वाटेने गेला.

१९३७ साली लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ केंद्रावर त्याला रोज गाण्याचा कार्यक्रम मिळाला. विस्थापितांना त्याच्या गावरान बोलण्यात आपले गाव भेटे. पत्रांचा पाऊस पडू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने कार्यक्रमात काळ्या लोकांना हिणवणारा शब्द असलेले एक जुने गाणे सादर केले. त्याच्या गावात तो शब्द उठता-बसता वापरत. त्यात काही वावगे आहे, हे त्याच्या मनातही आले नाही.

एका ऐकणाऱ्याला मात्र तो शब्द लागला. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका काळ्या तरुणाने त्याला पत्र लिहिले. कार्यक्रम छान चालला होता, पण तुमच्या त्या शब्दाने मला राग आला, समजूतदार माणूस आज रेडिओवर असा शब्द वापरत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. शिवी नाही, विनवणी नाही. फक्त सरळ सांगणे.

वुडी हादरला. त्याने रेडिओवर जाहीर माफी मागितली, ते पत्र वाचून दाखवले आणि वहीतली तसली गाण्यांची पाने फाडून टाकली. तो शब्द त्याने पुन्हा गाण्यात घेतला नाही. माझ्या मते वुडी गथ्री या शाहिराचा खरा जन्म या दिवशी झाला. ओकीमात जन्मला तो नुसता गाणारा होता.

न्यूयॉर्क

१९४० च्या आरंभी वुडी न्यूयॉर्कला आला. रेडिओवर तेव्हा देशाची थोरवी सांगणारे एक भक्तिगीत सारखे वाजत होते. भुकेल्या माणसांच्या रांगा पाहून आलेल्या वुडीला ते गोडगोड बोल सहन होईनात. २३ फेब्रुवारी रोजी स्वस्त हॉटेलच्या खोलीत त्याने त्याला उत्तर लिहिले. ही भूमी तुझी आणि माझी आहे, असे सांगणारे ते गाणे आज अमेरिकेतील अनेक शाळांत म्हणतात. त्यातली दोन कडवी मात्र शाळेत बहुधा गाळली जातात. एकात खाजगी मालकीची पाटी येते, दुसऱ्यात मदतकेंद्रापुढची उपाशी माणसांची रांग. १८ जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांच्या शपथविधीपूर्वीच्या सोहळ्यात वुडीचा जुना साथीदार पीट सीगर, वय ८९, याने ती गाळलेली कडवी मुद्दाम म्हटली.

न्यूयॉर्कमध्ये वुडी काही काळ लेडबेली या काळ्या लोकगायकाच्या घरी राहिला. दक्षिणेच्या तुरुंगांत खडी फोडून आलेला हा थोर कलावंत. एका ताटात जेवायचे आणि रात्र रात्र गायचे.

दुसऱ्या महायुद्धात वुडी मालवाहू जहाजांवर भांडी घासायला आणि वाढायला गेला. गिटारवर त्याने फॅसिस्टांना मारणारे हे यंत्र आहे अशा अर्थाचे वाक्य लिहून ठेवले होते. त्याचा जहाजावरचा सोबती जिम लाँगी याने एक आठवण लिहिली आहे. पाणबुडीच्या हल्ल्याच्या भीतीने सैनिक तळमजल्यावर दाटीने बसले होते. वुडी त्यांना धीर द्यायला गिटार घेऊन उतरला. पलीकडून गाण्याचा आवाज आला. काळे सैनिक वेगळे कोंबलेले होते. वुडी त्यांच्याकडे गेला, त्यांच्यासोबत गायला आणि नंतर हे लोक इकडे येणार नसतील तर मी गाणार नाही, असे त्याने अधिकाऱ्यांना बजावले. त्या रात्री काळे-गोरे एकत्र बसून गायले. मरणाच्या दारातही वेगळे बसवणारी व्यवस्था एका भांडी घासणाऱ्याने काही तासांपुरती मोडली.

डिसेंबर १९५० मध्ये तो ब्रुकलिनमधील बीच हेवन या मोठ्या वसाहतीत भाड्याने राहू लागला. सरकारी हमीच्या कर्जावर ती उभी राहिली होती. मालक होते फ्रेड ट्रम्प, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या डोनाल्ड ट्रम्प यांचे वडील. तेथे काळ्या कुटुंबांना घर मिळत नाही, हे वुडीच्या लक्षात आले. त्याने मालकाचे नाव घेऊन त्यावर ओळी लिहिल्या. ही वही बरीच वर्षे तशीच पडून होती. विल कॉफमन या अभ्यासकाला ती टल्साच्या संग्रहात सापडली आणि २०१६ साली जगापुढे आली. घर भाड्याने देताना आधी आडनाव विचारणारे मालक आपल्यालाही ठाऊक आहेत. त्याच इमारतीत स्वतःला घर मिळालेला माणूस दुसऱ्याला का मिळत नाही असे विचारतो, हे त्यात महत्त्वाचे.

आईचा आजार

वुडीचे सारेच गुण घेण्यासारखे होते असे नाही. घरच्यांना सोडून तो महिनोन् महिने भटकत असे. तीन लग्ने झाली, आठ मुले झाली. चाळिशीच्या आत त्याचे हातपाय थरथरू लागले, राग अनावर होऊ लागला. लोकांना वाटे दारू. १९५२ साली डॉक्टरांनी निदान केले, हंटिंग्टनचा आजार. मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा, आई-बापाकडून मुलांकडे येणारा. प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे त्याची आई वेडी नव्हतीच. तीही याच आजाराने गेली होती.

पुढची तेरा-चौदा वर्षे बहुतेक इस्पितळांत गेली. हाताने गिटार धरवेना, मग बोलताही येईना. जानेवारी १९६१ मध्ये बॉब डिलन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा त्याला शोधत आला आणि वुडीचीच गाणी त्याला ऐकवू लागला. या डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी वुडी वारला. वय ५५. त्याच वर्षी त्याची दुसरी पत्नी मार्जोरी हिने या रोगाच्या रुग्णांसाठी संघटना उभी केली. घटस्फोट होऊनही तिने शेवटपर्यंत त्याची देखभाल केली होती. गावोगाव फिरून तिने शास्त्रज्ञांना आणि सरकारला जागे केले. १९९३ साली या रोगाचे मूळ असलेले जनुक सापडले. वुडीच्या गाण्यांइतकेच मार्जोरीचे हे कामही मोठे मानले पाहिजे.

बिननावाची माणसे

वुडीचे शेवटच्या काळातले एक मोठे गाणे एका विमान अपघातावर आहे. २८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियातील लॉस गाटोस खोऱ्यात विमान कोसळून ३२ जण मेले. त्यांतले २८ मेक्सिकोचे शेतमजूर होते. फळे तोडून झाल्यावर सरकार त्यांना परत पाठवत होते. बातम्यांत वैमानिक, कर्मचारी आणि पहारेकरी यांची नावे आली. मजुरांचा उल्लेख फक्त 'परत पाठवलेले लोक' असा झाला. फ्रेस्नोच्या स्मशानभूमीत अठ्ठावीस जणांना एकाच खड्ड्यात पुरले आणि वर नावांवाचून पाटी लावली.

वुडीने त्यावर कविता लिहिली. बातमीत नावे नाहीत, म्हणून त्याने गाण्यात त्यांना आपल्या मनची नावे देऊन निरोप दिला. चाल लावण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती. दहाएक वर्षांनी मार्टिन हॉफमन या शिक्षकाने चाल दिली आणि ते गाणे देशभर गेले. ते गाणे मनात ठेवून टिम हर्नांडेझ या लेखकाने जुनी दफ्तरे पालथी घातली, नातेवाईक शोधले. २ सप्टेंबर २०१३ रोजी, अमेरिकेच्या कामगार दिनी, त्या खड्ड्यावर सर्व नावे कोरलेला दगड बसवण्यात आला. पासष्ट वर्षांनी त्या मजुरांना त्यांची नावे परत मिळाली.

ओकीमालाही वेळ लागला. कम्युनिस्टांच्या पत्रात लिहिणारा, काळ्यांची बाजू घेणारा, गावाचे काळे पान गाण्यात मांडणारा माणूस गावाला कसा आवडणार? १९९८ साली पुतळा बसला आणि जुलै महिन्यातला गाण्याचा उत्सव सुरू झाला. त्या उत्सवाला आता दुरून लोक येतात, गावच्या दुकानांना गिऱ्हाईक मिळते.

या साऱ्या गोष्टीत मला राहून राहून आठवतो तो १९३७ सालचा महाविद्यालयातला तरुण. त्याचा पुतळा कोठे नाही. पण त्याने त्या संध्याकाळी 'जाऊ दे, यांचे असेच चालायचे' असे म्हणून रेडिओ बंद केला असता, तर वुडीची ती पाने वहीतच राहिली असती. आपल्या मुलामुलींना वुडीची गाणी ऐकवा, चाली सोप्या आहेत. आणि त्यांना हेही सांगा की शाळेत, कारखान्यात, कार्यालयात कोणी आपल्या माणसांना उणा शब्द वापरला, तर गप्प बसू नये. शिवी न देता, मान खाली न घालता, स्वच्छ अक्षरात लिहून कळवावे. वाचणारा सुधारेलच असे नाही. पण कधी कधी सुधारतो.